खिडकीकडची कॉट

नेलिदा पियाकाला वसतिगृहात जागा मिळाली तेव्हा आनंद करण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. पहिलं वर्ष तिने लिमाच्या पार उत्तर टोकाला, टेकडीवर चढत गेलेल्या वस्तीत मामाच्या घरी काढलं होतं. तिथून विद्यापीठ गाठायचं म्हणजे दोन बस बदलायच्या आणि पुढे खचाखच भरलेल्या व्हॅनच्या दाराला लोंबकळायचं. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती अर्धी संपलेली असे. परत यावं तर मामीची मुलं तिच्या पुस्तकांवर बसलेली. मामी वाईट नव्हती. पण भाताचं पातेलं रिकामं झालं की नेलिदाकडे न बघता ती ते ज्या तऱ्हेने घासायला घेई, ते बघून नेलिदा हातातला घास ताटात परत ठेवी. औषधनिर्माणशास्त्राचे दोन विषय राहिले होते. यंदाही राहिले तर बोचकं बांधून गावी पुकिओला परत, शेळ्यांमागे; वडिलांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

लुस्मिला तिला भेटली ती विद्यापीठाच्या भोजनालयाच्या रांगेत. ती तार्माच्या वरच्या बाजूच्या एका गावातली, फुलशेती करणाऱ्या विधवा बाईची एकुलती एक मुलगी. प्राथमिक शिक्षिका व्हायला आली होती. बुटकी, गालांवर डोंगरातल्या थंडीचे लाल डाग, आणि तोंड एक क्षण बंद नाही. रांगेत पुढे घुसणाऱ्या एका लिमाकर पोराने "ए डोंगरवाले, सरक" म्हटल्यावर ती म्हणाली होती, "सरकते की. पण तू खाली राहणारा ना, तुला वरचं कुठे पचायचं?" आणि रांग हसत असताना त्याच्या हातातला ट्रे काढून नेलिदाच्या हातात दिला होता. तेव्हापासून दोघी एकत्र. लुस्मिला भाड्याच्या एका खोलीत राहायची. तिथे घरमालकाचा भाऊ दार न वाजवता आत येई. त्यामुळे वसतिगृहाची गरज तिलाही तितकीच होती.

वसतिगृहाचा कारभार बघणाऱ्या सेन्योरा आम्पारो प्रेमळ बाई. खांद्यावर कायम लोकरीचा स्वेटर, टेबलावर कायम बडीशेपेचा काढा. त्यांनी दोघींना समोर बसवलं.

"नव्या इमारतीत सहाजणींच्या खोलीत दोन कॉट मोकळ्या आहेत. गरम पाणी आहे, पण गडबड फार. नाहीतर जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोघींची एक खोली आहे. गार पाणी, पण निवांत. बोला."

"दोघींची खोली अजून कशी उरली?" नेलिदाने विचारलं. तिचा स्वभावच तसा होता. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची ती आधी खालची बाजू बघे.

"उरली कुठे? होती ना मुलगी. पास होऊन गेली."

"एकटीच होती?"

"एकटीच." सेन्योरा थांबल्या. कपाळावर आठी आली, जशी एखादं नाव ओठांवर येऊन परत गेल्यावर येते. "खोली दोघींची आहे खरी. पण तिथे कोण जाणे का, एकच असते."

"दुसरीला घोरणं सहन होत नसेल," लुस्मिला म्हणाली. "मी घोरते हं सेन्योरा, आधीच सांगते. मग तक्रार नको."

सेन्योरा हसल्या. नेलिदाला निवांतपणा हवा होता. लुस्मिलाला खिडकी हवी होती. प्रश्न मिटला.

खोली लांबट होती. दोन लोखंडी कॉट, दोन टेबलं आणि एक मोठी खिडकी. खिडकीसमोर तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे वाका. कच्च्या विटांची ती प्राचीन टेकाडं लिमात जागोजागी आहेत. कुठे पेट्रोलपंपाच्या मागे, कुठे चाळींच्या मध्ये. ही विद्यापीठाच्याच आवारात होती. इंका येण्याच्याही कितीतरी आधीच्या कोणीतरी रचलेली, आता झिजून उष्ट्या पावासारखी झालेली. तिच्या अंगावर गवताचं पातंही नव्हतं.

"मी खिडकीकडची घेते," लुस्मिलाने पहिल्याच मिनिटाला गाठोडं त्या कॉटवर फेकलं. "आमच्याकडे उठलं की डोंगर दिसतो. इथे निदान मातीचा तरी दिसू दे."

नेलिदाने दाराकडची कॉट घेतली.

पहिले काही आठवडे इतके चांगले गेले की नेलिदाला कधी कधी त्याचीच भीती वाटे. ती टेबलाशी बसून रेणूंच्या आकृत्या गिरवी, आणि लुस्मिला कॉटवर मांडी घालून पुठ्ठ्याचे प्राणी कापत त्यांच्या तोंडून पहिलीच्या पोरांना शिकवण्याची तालीम करी. तिचा लामा, डोंगरातला तो लांब मानेचा लोकरी प्राणी, अगदी नेलिदाच्या मामीसारखा बोलायचा. दोघी एकाच किटलीत चहा करत, एकमेकींचे मोजे घालत. चाचणीत नेलिदा वर्गात दुसरी आली तेव्हा लुस्मिलाने मजल्यावरच्या सगळ्या मुलींना ओरडून सांगितलं, जणू तिचीच लेक पास झाली होती.

जूनमध्ये लिमावर राखाडी झाकण बसलं. सूर्य दिसेनासा झाला. धड पडतही नाही आणि थांबतही नाही असं धुकं सगळ्यावर चिकटून राहिलं. दोरीवरचे कपडे आठवडाभर ओले. खिडकीच्या काचेवर पाणी जमे आणि वाका त्यामागे फक्त एक गडद डाग होऊन उरे.

आणि तेव्हाच भोजनालयात वाढणाऱ्या बाईने लुस्मिलाला वगळलं.

लुस्मिलाने ट्रे पुढे केला होता. बाईने नेलिदाला मसूर-भात वाढला आणि पळी लुस्मिलाच्या ट्रेवरून सरळ मागच्या मुलाकडे नेली.

"अहो ताई, मी काय भूत आहे का?" लुस्मिलाने ट्रे आपटला.

बाई दचकली. "अगं बाई, दिसलीच नाहीस गं पोरी." तिने भात भरपूर वाढला, वर माशाचा एक तुकडा जास्त.

"हे रोज झालं तर मी जाडी होईन," लुस्मिला हसत म्हणाली.

रोज नाही, पण पुन्हा झालं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिच्या तोंडावर फाटक लावलं. वर्गात हजेरीला तिचं नाव घेतलं गेलं नाही, ती उभी राहिली तेव्हा बाईंनी "नवीन प्रवेश का?" असं विचारलं. जिच्याबरोबर ती शाळेत सरावाला जायची ती मैत्रीण एक दिवस एकटीच निघून गेली, आणि नंतर नेलिदाने जाब विचारल्यावर गोंधळून म्हणाली, "मी तर पहिल्यापासून एकटीच जाते."

"काहीतरी राग आहे तिला तुझा," नेलिदा म्हणाली.

"राग असता तर बरं झालं असतं," लुस्मिला म्हणाली. पुठ्ठ्याचा लामा तिच्या हातात होता, पण तो बोलत नव्हता. "रागावलेला माणूस बघतो तरी. ती माझ्याकडे बघत होती ना, तेव्हा डोळे माझ्या मागच्या भिंतीवर होते."

नेलिदाने तर्क लढवून पाहिला. लोक घाईत असतात, शहर मोठं आहे, हजारो विद्यार्थी आहेत. लुस्मिलाला अशक्तपणा असेल, आवाज बसला असेल. तिने तिला विद्यापीठाच्या दवाखान्यात नेलं. परिचारिकेने दोघींना बसायला सांगितलं, रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि पट्टा नेलिदाच्या दंडाला गुंडाळला.

"मला नाही, हिला," नेलिदा म्हणाली.

परिचारिकेने नेलिदाच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळे बारीक केले, पाण्यातली वस्तू शोधावी तसे. "हो, हो," ती म्हणाली. मग पट्टा सोडून पुन्हा नेलिदाच्याच दंडाला बांधला आणि मायेने विचारलं, "झोप होते का नीट?"

बाहेर आल्यावर लुस्मिलाने तिचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"तुला दिसते ना मी?"

"वेडी आहेस का? दिसतेस."

"कशी दिसते ते सांग."

"बुटकी. गाल लाल. स्वेटरचं बटण तुटलेलं. रडायच्या बेतात."

"बरोबर," लुस्मिला म्हणाली, आणि रडली.

शेजारच्या खोलीत रुफिना नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी राहत होती. तीही खोली दोघींची, आणि तीही एकटीच. नेलिदा एका सकाळी तिच्याकडे साखर मागायला गेली. रुफिना टेबलावर दोन कप मांडून चहा ओतत होती.

"कोणी यायचंय का?"

"नाही गं."

"मग दोन?"

रुफिनाने कपांकडे पाहिलं. जणू ते दुसऱ्याच कोणीतरी ठेवले होते. "सवय," ती म्हणाली. "दुसरा नाही ओतला तर मला दिवसभर चुकल्यासारखं वाटतं. नंतर फेकूनच देते."

"तुझ्याबरोबर कोणी राहत होतं का कधी?"

"मी पहिल्यापासून एकटीच." हे तिने ताबडतोब म्हटलं. मग दुसरा कप उचलून तिने खिडकीकडच्या उघड्या लोखंडी कॉटच्या पायथ्याशी ठेवला, वळली, आणि नेलिदाला साखरेचा डबा दिला. तिच्याही खिडकीतून वाका दिसत होती.

नेलिदाने हे लुस्मिलाला सांगितलं नाही. त्याच दिवशी सेन्योरा आम्पारोंकडे जाऊन तिने दुसरी खोली मागितली, कोणतीही चालेल, सहाजणींची, दहाजणींची. सेन्योरा म्हणाल्या, आता सगळं भरलं. मग लुस्मिलाने मामाच्या घराचं विचारलं. नेलिदाने मामीला फोन केला. "तू एकटी ये," मामी म्हणाली. "मैत्रीण कसली? कुठली?" नेलिदाने नाव सांगितलं, मामी तिला दोनदा भेटली होती, तिच्या लामावर पोट धरून हसली होती. "आठवत नाही बाई," मामी म्हणाली.

त्या संध्याकाळी लुस्मिलाने आईला फोन लावला. आवाज नेलिदालाही ऐकू यावा म्हणून फोन दोघींच्या मध्ये धरला होता.

"आई, मी."

"कोण?"

"मी, लुस्मी."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज. लुस्मिलाच्या आईचा, तेओफिला मावशींचा श्वास. "नंबर चुकला वाटतं, पोरी."

"आई, असं नको ना करू. मी लुस्मिला, तुझी..."

"मला मूल नाही गं बाळे," त्या हळुवारपणे म्हणाल्या. चुकलेल्या लेकराशी बोलावं तसं. "कोणाचा नंबर हवा होता तुला?"

लुस्मिला फोन हातात धरून खाली फरशीवर बसली. नेलिदाने तो काढून घेतला आणि स्वतः बोलली, ओरडली, गयावया केली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "तुझी मैत्रीण फार दुःखात आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या आईला कळव."

लुस्मिला त्या रात्रीपासून नेलिदाच्या कॉटवर, तिच्या पाठीला पाठ लावून झोपू लागली. खिडकीवर तिने पांघरूण टांगलं. काही उपयोग झाला नाही. भोजनालयात नेलिदा एकाच ताटात जास्त वाढून घेई आणि दोघी त्यातच खात. लोक वळून बघत. पुटपुटणाऱ्या, घास अर्धा करून समोर धरणाऱ्या नेलिदाकडे. फोनमधले फोटो तिने एकदोघींना दाखवले. "कोण ही?" त्या विचारत, आणि फोन परत करेपर्यंत विसरत.

मग सेन्योरांनी बोलावणं पाठवलं. दोघी गेल्या.

"नेलिदा, चांगली बातमी आहे. तुला सोबत मिळतेय. सोमवारी कुस्कोची एक मुलगी येईल, दुसऱ्या कॉटवर."

"ती कॉट लुस्मिलाची आहे."

"कोणाची?"

"ही काय समोर उभी आहे! सेन्योरा, तुम्हीच जागा दिलीत हिला. घोरण्यावरून हसला होतात तुम्ही!"

लुस्मिलाने दोन्ही हात टेबलावर आपटले. काढ्याचा पेला हलला. ती किंचाळली, नेलिदाच्या कानठळ्या बसल्या. सेन्योरांनी कानाची पाळी चोळली, उठून खिडकी लावली, आणि परत बसल्या. "वारा सुटलाय," त्या म्हणाल्या. मग नेलिदाचा हात हातात घेतला. "पोरी, ताण येतो परीक्षेचा. पण असं वागत राहिलीस ना, तर मला तुला घरी पाठवावं लागेल. तू हुशार आहेस. जागा घालवू नकोस."

खोलीत परतल्यावर नेलिदा टेबलाशी बसली. समोर पुस्तक उघडं होतं. काही तरी विचार करायला हवा होता, कोणाकडे तरी जायला हवं होतं. ती एक परिच्छेद वाचू लागली, मग पुढचा. मन शांत झालं. कितीतरी दिवसांनी विषय डोक्यात शिरत होता. पान उलटताना तिला दंडावर काहीतरी जाणवलं, माशी बसावी तसं. तिने ते झटकलं.

ते लुस्मिलाचे हात होते.

लुस्मिला तिच्या अगदी शेजारी गुडघ्यांवर बसली होती. चेहरा पांढराफटक. "केव्हापासून हाका मारतेय मी," ती म्हणाली. आवाज बसला होता. "केव्हापासून मारतेय, नेलिदा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या तार्माच्या बसमध्ये बसल्या. आईच्या समोर जाऊन उभं राहायचं. आई डोळ्यांनी बघेल, हाताने चाचपेल, मग तरी ओळखेल. दुसरी कोणतीही कल्पना दोघींकडे उरली नव्हती. वाटभर नेलिदाने तिचा हात सोडला नाही.

तेओफिला मावशी अंगणात फुलांच्या जुड्या बांधत होत्या. बुटक्या, गाल लाल. त्यांनी वर पाहिलं आणि नेलिदाकडे बघून हसल्या. "ये बाळे. फुलं हवीत का?"

"मावशी, माझ्याबरोबर कोण आहे ते बघा," नेलिदाने लुस्मिलाला पुढे ढकललं. "नीट बघा हो. हात लावून बघा."

मावशींनी नजर लावली. क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "हो की," त्या म्हणाल्या. "दोघी आहात. थकलेल्या दिसता. या, सूप देते गरम."

लुस्मिलाच्या तोंडून हुंदका फुटला. दोघी चुलीपाशी बसल्या. मावशींनी हिरव्या पाल्याच्या, बटाट्याच्या सूपचे दोन वाडगे भरले, दोन चमचे ठेवले. लुस्मिला बोलत सुटली. शेवंतीच्या वाफ्याबद्दल, मेलेल्या बापाबद्दल, आईच्या पाठीवरच्या भाजल्याच्या डागाबद्दल. मावशी मान डोलवत होत्या. मग मक्याचे उकडलेले दाणे आणायला वळल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांनी लुस्मिलाच्या समोरचा वाडगा उचलून पातेल्यात परत ओतला.

"एकटीनेच आलीस एवढ्या लांब?" त्यांनी नेलिदाला विचारलं.

लुस्मिलाने आईच्या कमरेला मिठी मारली. तोंड तिच्या घागऱ्यात खुपसून ती ओरडत होती. मावशी तशाच उभ्या होत्या, हातात रिकामा वाडगा घेऊन. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि गालांवरून थेंब थेंब गळू लागलं.

"हे काय होतंय मला?" त्यांनी मनगटाने डोळे पुसले. "धूरसुद्धा नाही आज."

निघताना मावशींनी आतून एक विणलेला पट्टा आणला, कमरेला बांधायचा, लाल-हिरवा, अजून कोरा. "हा मी विणला, पण कोणासाठी ते आठवतच नाही. माझ्या कमरेला लहान होतो. तू ने."

लुस्मिला तिथे राहायला तयार नव्हती. "तिच्या घरात तिच्या पायांत फिरत राहू? मांजरासारखी? मांजर तरी दिसतं." रस्त्याच्या कडेला ती उभी होती, डोळे सुजलेले, पण रडू थांबलेलं. "तू आहेस ना अजून. तू आहेस तोवर मी आहे. चल."

रात्र त्यांनी तार्माच्या बसथांब्यावर जागून काढली आणि सकाळच्या परतीच्या बसची नेलिदाने दोन तिकिटं घेतली.

"दोन कशाला गं?" कंडक्टर म्हणाला. "पाय पसरायला? श्रीमंत दिसतेस."

बस चढणीला लागली. लुस्मिला खिडकीपाशी, नेलिदा तिच्या शेजारी. नेलिदाने पट्ट्याचं एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं, दुसरं लुस्मिलाच्या, आणि दोन्ही गाठी दातांनी आवळल्या.

"बोलत राहा माझ्याशी," लुस्मिला म्हणाली. "काहीही बोल. पण झोपू नकोस."

नेलिदा बोलत राहिली. रांगेतल्या त्या पोराबद्दल, ट्रेबद्दल, लामाबद्दल. पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून पाहिलं आणि जागा बदलली. नेलिदाने आवाज वाढवला. लुस्मिला, लुस्मिला, लुस्मिला. बाहेर झाडं संपली. दगड, मग दगडांवर बर्फ. तिक्लिओची खिंड जवळ येत होती आणि नेहमीसारखी हवा विरळ झाली, कपाळात ठणका सुरू झाला. पलीकडच्या सीटवरची म्हातारी विरळ हवेवर उतारा म्हणून कोकाची पानं चघळत होती. तिने नेलिदापुढेही मूठ धरली. नेलिदाने पानं गालात धरली. तरी डोकं जड होत गेलं.

"मी तुला पहिल्यांदा काय म्हटलं होतं, सांग," लुस्मिला म्हणाली.

"ट्रे धर, म्हणालीस."

"त्याच्या आधी. त्या मुलाला."

नेलिदाने आठवून पाहिलं. रांग आठवली. लोक हसत होते. कशावर तरी हसत होते.

"नेलिदा."

"सांगते. थांब."

"नेलिदा, डोळे उघड."

"उघडेच आहेत."

पट्ट्याला हिसका बसला. पुन्हा एक. लांबून कोणीतरी पडदा ओढत असावं, तसा.

खिंडीच्या खाली, लिमाच्या वेशीवरच्या चोसिकाला ऊन होतं.

नेलिदा जागी झाली ती गाढ झोप झाल्यावर येतो तसा हलकेपणा घेऊन. डोकं दुखायचं थांबलं होतं. भूक लागली होती. रस्त्याच्या कडेला पेरू आणि उकडलेली कणसं विकणाऱ्या बायका दिसत होत्या. दोन दिवस अभ्यास सोडून डोंगरात जाऊन आली ते बरं केलं, तिला वाटलं. आता परीक्षेला नीट बसता येईल. सोमवारी खोलीत कुस्कोची मुलगी येणार होती. ती स्वभावाने बरी असली म्हणजे झालं.

डावा हात मात्र बधिर झाला होता. तिने पाहिलं. मनगटाला लाल-हिरवा पट्टा आवळून बांधला होता.

झोपेत आपण हे काय करून ठेवलं, म्हणून तिला हसू आलं. पलीकडे बसलेली म्हातारी तिच्याकडेच बघत होती, तेव्हा नेलिदा जरा ओशाळली.

तिने दातांनी गाठ सोडली.

पट्ट्याचं दुसरं टोक खिडकीकडच्या रिकाम्या सीटवर होतं. तिथेही गाठ होती. गाठीखालचा फास चपटा पडला नव्हता. गोल उभा होता, आणि हळूहळू हलत होता. बस हलते म्हणून असेल. तिने तीही गाठ सोडवायला घेतली. ती फार घट्ट होती. नखाने उकलत, ओढत, शेवटी एक हिसका देऊन तिने पट्टा मोकळा केला. ते टोक घामेजलेलं होतं. अंगातून नुकत्याच काढलेल्या कपड्यासारखं ऊबदार होतं.

उन्हाने, ती मनाशी म्हणाली. ऊन बसच्या दुसऱ्या बाजूला होतं.

पट्ट्याची तिने नीट घडी केली. मग मांडीवरची जड बॅग उचलून शेजारच्या सीटवर ठेवली. बॅग बसेना, सारखी कलंडून तिच्याच अंगावर येत होती.

नेलिदाने तिच्यावर कोपर टेकलं आणि सगळा भार टाकून दाबलं. दाबत राहिली. थोड्या वेळाने बॅग बसली.